अवधान

ज्ञानेश्वर महाराज ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी एकच वस्तू मागतात: अवधान. अर्थाचे एवढे वैभव ज्यांच्या वाणीपाशी होते, त्यांनी आधी आपली प्रौढी बाजूला ठेवली, समोर बसलेल्यांना माहेर मानले आणि मग सलगीने ही विनवणी केली. अध्यापनाचे व्रत घेतलेल्या आपण सर्वांनी या विनवणीपाशी थोडे थांबावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. आपल्या महाविद्यालयांत आता भिंतीवर पडदा आला, छताला प्रोजेक्टर आला, ‘पीपीटी’ हा शब्द खडू-फळ्याइतकाच घरचा झाला. विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे ठेवण्याची साधने वाढत गेली आणि त्याच्यापाशी जे मागायचे ते मागण्याची रीत मात्र मागे राहिली. अंधारलेल्या वर्गात पडद्यावर एकामागून एक स्लाईड सरकते, सर वाचतात, मुले पाहतात, तास संपतो. या सगळ्यात अवधान कोणी मागितले आणि कोणी दिले, हा प्रश्न आपण मिळून पाहू या.

या साधनाचा उगम जाणून घेतला की त्याच्याविषयी राग उरत नाही आणि मोहही उरत नाही. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी घडवलेले पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते निर्माण करणारी कंपनी विकत घेतली, आणि त्याचे मूळ काम होते व्यवसायातल्या बैठकांसाठी पारदर्शिका तयार करून देणे. बैठकीला बसलेल्या माणसाला विषय आधीच ठाऊक असतो, त्याला ठळक मुद्द्यांची आठवण तेवढी हवी असते, आणि शीर्षकाखाली बुलेट देऊन चार-चार शब्द मांडण्याची पद्धत त्याला पुरते. वर्गातला श्रोता त्या विषयाच्या दारात प्रथमच उभा आहे. ज्याची आठवण करून द्यायची ते विधानच त्याच्या मनात अजून उमटलेले नाही. ‘अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, प्रकार, महत्त्व’ असे पाच शब्द पडद्यावर आले की ज्याने विषय मुरवला आहे त्या अध्यापकाला त्यांच्यामागे संपूर्ण प्रकरण दिसते आणि विद्यार्थ्याला पाच शब्दच दिसतात. अवधान जिथे आधीच जागे आहे तिथे यादी चालते. जिथे ते जागे व्हायचे आहे तिथे यादीत त्याला धरायला काहीच सापडत नाही.

अवधानाचा स्वभाव असा की ते श्रेष्ठ असूनही अल्प असते. मनुष्याची बुद्धी अफाट साठवू शकते, परंतु या क्षणी हाती धरून ज्याच्यावर विचार चालतो ते मोजकेच असते, आणि जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेल्या आकलनभाराच्या सिद्धांताचे सारे बळ या मर्यादेवर उभे आहे. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी पुढे अनेक प्रयोगांतून दाखवले की चित्र आणि बोललेले शब्द एकत्र आले तर शिकणे चांगले होते. त्याच चित्राशेजारी तेच बोललेले शब्द लिहूनही दाखवले तर बहुधा ते बिघडते, कारण डोळे वाचू लागतात, कान ऐकू लागतात आणि दोन्हींचा मेळ घालण्यात मन खर्ची पडते. आपण स्लाईडवर परिच्छेद लिहितो आणि मग तोच परिच्छेद मोठ्याने वाचतो, तेव्हा आपल्याला वाटते की एकच गोष्ट दोनदा दिली म्हणजे ती दुप्पट पोहोचली. प्रत्यक्षात विद्यार्थी आपल्यापेक्षा वेगाने मनात वाचतो, आपल्या आधी ओळीच्या शेवटाला पोहोचतो आणि उरलेल्या वेळात त्याचे अवधान मोकळे सुटते. जे तोंडाने सांगायचे आहे ते पडद्यावर लिहू नये, आणि जे वाचायलाच द्यायचे आहे ते दाखवून आपण स्वतः काही क्षण गप्प राहावे, एवढे पथ्य पाळले तरी वर्गाचा पोत बदलतो.

इथे आपल्या मातीतली एक बाब सांगितलीच पाहिजे, कारण ती परदेशातल्या ग्रंथांत या रूपात येणार नाही. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी तालुक्याच्या गावाहून शहरातल्या महाविद्यालयात येते, पडद्यावर इंग्रजी मजकूर असतो, सर मराठी-इंग्रजी मिसळून बोलत असतात, आणि तिचे सगळे अवधान त्या इंग्रजी ओळी उतरवून घेण्यात जाते. अर्थ लावायला तिच्यापाशी काही शिल्लक राहत नाही. तिच्यासाठी पडदा कोरा ठेवणे हाही उपाय नव्हे. परक्या भाषेत ऐकणाऱ्याला काही शब्द डोळ्यांसमोर असणे आधार देते. म्हणून वाक्ये काढून टाकावीत आणि त्या तासाला लागणाऱ्या तीन-चार पारिभाषिक संज्ञा मात्र ठळक अक्षरांत, शेजारी मराठी प्रतिशब्दासह, चित्राच्या अगदी लगत ठेवाव्यात. तिला शब्दकोशही मिळतो आणि ऐकायला मनही मोकळे राहते. माझ्या मते आपल्याकडच्या स्लाईडची ही सर्वांत निकडीची सुधारणा आहे, आणि तिला पैसा लागत नाही.

अवधान अल्प आहे एवढे कळून भागत नाही, ते कुठे वळवायचे हेही ठरवावे लागते. बुलेटची उतरंड हे ठरवण्याचे काम टाळते: मोठा मुद्दा, त्याखाली लहान, त्याखाली त्याहून लहान, आणि वाचणाऱ्याने समजावे की जे खाली आणि बारीक ते कमी महत्त्वाचे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतताना भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फेसासारख्या उष्णतारोधक आवरणाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता, आणि यान वर असतानाच त्या आघाताचा विचार करणाऱ्या अभियंत्यांची एक स्लाईड पुढे चौकशी मंडळाच्या अहवालात आली. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिचे विश्लेषण केले. शीर्षक धीर देणारे होते. आणि सर्वांत खालच्या पायरीवर, बारीक अक्षरांत, लिहिले होते की चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रत्यक्ष आदळलेला १९२० घन इंचांचा. म्हणजे सहाशे चाळीस पट मोठा. ज्या वाक्याने सभागृह हादरायला हवे होते ते वाक्य उतरंडीच्या तळाशी बसले होते. एका स्लाईडमुळे यान पडले असे कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. परंतु अवधान कशावर ठेवायचे हे सांगणाऱ्यानेच ठरवले नाही, तर ऐकणाऱ्याला ते ठरवता येत नाही, याचे इतके वेदनादायक उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. म्हणून प्रत्येक स्लाईडच्या माथ्यावर विषयाचे नाव लिहिण्याऐवजी पूर्ण वाक्य लिहावे, कर्ता-क्रियापद असलेले, काही तरी ठामपणे सांगणारे, आणि खाली त्या वाक्याचा पुरावा: एक आलेख, एक छायाचित्र, एक आकृती. अमेरिकेतले मायकेल अ‍ॅली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हीच रीत शिकवत आले आहेत. असे वाक्य लिहायला बसले की आपल्यालाच कळते, या स्लाईडला सांगायचे काही आहे की नाही. अवधान मागणाऱ्याचे स्वतःचे अवधान तिथे तपासले जाते.

आता अवधान जागे कसे होते ते पाहू, आणि त्यासाठी भूगोलाच्या वा भूशास्त्राच्या एका तासाची कल्पना करू. विषय आहे बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. नेहमीची स्लाईड म्हणेल: स्थान, आकार, उत्पत्ती, महत्त्व, आणि पाच मिनिटांत उल्कापाताचा निर्णय सांगून टाकेल. त्याऐवजी पडद्यावर वरून घेतलेले एकच छायाचित्र भरून ठेवा. शीर्षक नको, बाण नको, अक्षर नको. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते जवळजवळ गोल विवर, उचललेली कड, तळाशी हिरवट खारे पाणी. आणि विचारा की हे कशाने झाले असेल. पुष्कळ मुले ज्वालामुखी म्हणतील, आणि त्यांचे उत्तर अजिबात वेडगळ नाही, कारण दख्खनचे हे पठारच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हाच्या थरांनी बनले आहे आणि एकोणिसाव्या शतकातल्या जाणत्या अभ्यासकांनाही विवराचे कारण ज्वालामुखीच वाटत होते. मुलांना हे सांगा. आपण चुकलो तरी चांगल्या संगतीत चुकलो हे कळले की विद्यार्थी सावरून बसतो. मग दुसरी स्लाईड: सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा मॅस्केलिनाइट, म्हणजे फेल्डस्पार या खनिजाची प्रचंड आघाताच्या दाबाखाली झालेली काच. लाव्हाच्या उष्णतेने ती होत नाही, तिला आघातच लागतो. अशा खुणा लोणारच्या खडकात मिळाल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि आकाशातून आलेल्या पाषाणाचा पक्ष पक्का झाला. मग तिसरी: चंद्रावरची विवरे, तशीच गोल. आणि शेवटचा प्रश्न असा, की चंद्रावरचा पृष्ठभागही पुष्कळ ठिकाणी बेसाल्टचाच असताना पृथ्वीवर बेसाल्टमध्ये झालेले असे सुरक्षित विवर अभ्यासकांना इतके मोलाचे का वाटावे. तीन चित्रे आणि दोन प्रश्न, एवढ्यात तास भरतो. त्या मुलांनी ‘उत्पत्ती’ हा शब्द पाठ केला नाही, ती स्वतः उत्पत्तीच्या शोधात निघाली. आणि जो शोधात निघाला त्याच्यापाशी अवधान वेगळे मागावे लागत नाही.

तरीही जागे झालेले अवधान टिकत नाही, ते मावळते, आणि हा त्याचा दोष न मानता धर्म मानावा. आपल्या कीर्तनकारांनी हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखले आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एका अभंगाचे निरूपण होते, उत्तररंगात आख्यान लागते आणि मधे नामाचा गजर येतो. टाळ-मृदंग उचलतात, श्रोते स्वतः म्हणू लागतात, बसून अवघडलेले शरीर आणि ऐकून भरलेले मन दोन्ही हलतात, आणि मग पुन्हा बुवांचा शब्द ताज्या कानांवर पडतो. बुवा अखंड तीन तास निरूपण करू शकले असते. ते करत नाहीत, कारण श्रोत्याने मधे मुख उघडले की त्याचे ऐकणे परत नवे होते, ही त्या परंपरेची श्रद्धा आहे. आपला अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटांचा तास मात्र अनेकदा एकसलग पूर्वरंगच असतो. त्यात गजर कुठे घालायचा हे आधी ठरवून, तिथे स्लाईडमध्येच जागा सोडावी. कीबोर्डवरची बी ही कळ दाबली की पॉवरपॉइंटचा पडदा काळा होतो आणि सगळ्या नजरा आपसूक बोलणाऱ्याकडे वळतात. पुन्हा दाबली की पडदा परत येतो. इतकी साधी सोय, पण तिचा उपयोग करणारे थोडे. अवघड संकल्पना सांगताना पडदा काळा करा, फळ्याकडे जा, खडूने आकृती हळूहळू काढा. हाताच्या गतीने उमटणारी रेषा विद्यार्थ्याच्या विचाराच्या गतीशी जुळते, तयार आकृती त्याच्या अंगावर एकदम कोसळते.

आणि प्रश्न विचारला की थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांच्या विज्ञानवर्गांत मोजून पाहिले तेव्हा आढळले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच पुढे बोलतात. हा विराम तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलतात, मुलेच प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद! वर्गापुढे उभे असताना ते फार दीर्घ वाटतात, हे आपण सारे जाणतो. अध्यापकाला शांततेचे भय वाटते, जणू आपल्या न बोलण्याने तास वाया चालला आहे. परंतु त्या शांततेतच अवधान ऐकण्याकडून विचाराकडे वळत असते, आणि आपण बोललो की ते परत फिरते.

हा वळण्याचा क्षण म्हणजे अवधानाचा आतला पदर. याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला श्रवणाबरोबर मनन आणि निदिध्यासन सांगितले. समर्थांनी दासबोधात नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणापासून केला, आणि आरंभ म्हणजे पुढे आणखी काही आहे. आपल्या स्लाईडी श्रवणावरच थांबतात. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांना हे स्वतःच्या वर्गात उमगले: अवघड गणिते सोडवणारे त्यांचे विद्यार्थी, जड ट्रक आणि हलकी मोटार एकमेकांवर आदळल्या तर कोणावर अधिक बल लागते, या साध्या प्रश्नावर अडखळत होते. १९९१ पासून त्यांनी तास बदलला. स्लाईडवर एक प्रश्न आणि त्याखाली पर्याय. प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून मत द्यायचे. मते विभागलेली दिसली तर शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे. मग पुन्हा मत. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत, वर केलेले हात पुरतात, चार रंगांची कागदी कार्डे पुरतात. अर्थशास्त्राच्या तासाला मागणीची लवचिकता शिकवायची असेल तर विचारा: लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव दुप्पट झाला, तर तुमच्या घरातली कांद्याची खरेदी निम्मी होईल, थोडी कमी होईल की तेवढीच राहील? आणि हॉटेलात जाणे तेवढेच महागले तर? हात वर होतील, दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी येतील, कोणाची आई काय करते यावर वाद होईल, आणि त्या वादाच्या शेवटी आलेली लवचिकतेची व्याख्या मुलांना आपल्याच बोलण्याचे नाव वाटेल. आयआयटी मुंबईत संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या शेकडो मुलांच्या वर्गात, आधी स्वतः विचार, मग जोडीदाराशी बोलणे, मग सर्वांसमोर मांडणे ही रीत वापरली गेली, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ८३ टक्के विद्यार्थी त्या कामात गुंतून राहिल्याचे आढळले. वर्ग मोठा आहे म्हणून हे जमणार नाही, या समजाला आपल्याच घरचे हे उत्तर आहे.

काही सुहृद विचारतील, अभ्यासक्रम कधी पुरा व्हायचा? प्रश्न खरा आहे. सत्र आखूड झाले, सुट्ट्या आणि परीक्षा वाढल्या, ‘नॅक’च्या अहवालात आयसीटीचा वापरही दाखवायचा असतो. परंतु पुरा कशाला म्हणायचे? पडद्यावरून सरकून गेलेले सगळे पुरे झाले असे धरले तर यंत्रच अभ्यासक्रम पुरा करील. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांविषयीचे २२५ अभ्यास एकत्र पडताळून २०१४ साली जो निष्कर्ष निघाला त्यात, केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते आणि विद्यार्थ्याला कृती करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. शंभरातली ही बारा मुले म्हणजे आपल्याच बाकांवरची मुले. व्याख्या, याद्या, तक्ते हे सारे छापील पानात वा पीडीएफमध्ये द्यावे, आणि तासाचा वेळ जे समोरासमोरच घडते त्यासाठी राखावा. मोबाईल उंचावून स्लाईडचा फोटो घेणारा विद्यार्थी आपला अवमान करत नसतो. हे जतन केले पाहिजे असे त्याला वाटते, आणि कसे जतन करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. त्याला तास सुरू होण्यापूर्वीच ते पान मिळाले, आणि त्यात आकृतीची नावे भरायला, उत्तर लिहायला मोकळ्या जागा सोडलेल्या असल्या, तर फोन खिशात जातो आणि पेन हातात येते.

एवढे करूनही आरंभी मुले कुरकुरतील, हे मनाशी धरून चला. हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जे विद्यार्थी वर्गात स्वतः झटून शिकले ते अधिक शिकले, पण त्यांना वाटले की आपण कमी शिकलो. ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांना उलट वाटले. अवधान द्यायला श्रम पडतात, आणि श्रमाला प्रथमदर्शनी कोणी ज्ञान म्हणत नाही. इथे अध्यापकाची श्रद्धा कसाला लागते: समोरच्या बाकांवर बसलेल्यांत विचार करण्याचे सामर्थ्य आहे, आणि तीन सेकंद, तीन मिनिटे, प्रसंगी पूर्ण एक सत्र वाट पाहिली तर ते प्रकटणार आहे, यावरची श्रद्धा. सत्राच्या पहिल्याच तासाला मुलांना हे मोकळेपणाने सांगून टाकावे, की या वर्गात तुम्हाला थकायला होईल आणि ते थकणे शिकण्याचेच आहे. कारण सांगितले की मुले साथ देतात.

अध्यापक बंधुभगिनींनो, सगळी सत्रे एकदम बदलू नका, सगळ्या फाईली फेकू नका. उद्याच्या एकाच तासाची फाईल आज रात्री उघडा, तिच्यातली मजकुराने भरलेली एक स्लाईड काढा, तिच्या जागी एक चित्र आणि ज्याचे उत्तर तुम्हालाही मुलांकडून ऐकावेसे वाटते असा एक प्रश्न ठेवा. आणि तो विचारून झाला की मुले बोलेपर्यंत गप्प राहा.